उपाशी रुग्णाचे पहिले तीन दिवस

आठ-दहा दिवस पोटात जवळजवळ काहीच नाही, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १५, आजार क्षयाचा किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरचा. असा रुग्ण वॉर्डात आला की घरच्यांना आणि आपल्यालाही त्याला लवकर भरपूर खाऊ घालायची घाई होते. रीफीडिंग सिंड्रोम, म्हणजे उपासमारीनंतर अन्न सुरू झाल्यावर रक्तातले क्षार धोकादायकरीत्या घसरणं, या घाईतूनच होतो.

उपासमारीत इन्शुलिन कमी असतं आणि शरीर चरबीवर चालतं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आटत जातं, पण रक्तातले आकडे बरेचदा नॉर्मल दिसतात. म्हणून दाखल होतानाच्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये. साखर-स्टार्च पोटात गेलं की इन्शुलिन चढतं आणि रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं. पातळी फार उतरली तर हृदय आणि श्वसनाचे स्नायू दमतात, ठोके अनियमित होतात.

बीएमआय १६ पेक्षा कमी असेल किंवा आठवड्याहून अधिक दिवस खाणं बंद असेल, तर यातलं एकच कारण जास्त धोका धरायला पुरेसं आहे. सुरुवात किलोमागे १० कॅलरींनी करा. रुग्ण ३६ किलोचा असेल तर पहिल्या दिवशी ३६०. त्यात ३०० मिली गायीचं दूध, बिनसाखरेचं, दर दोन तासांनी ५० मिली. त्याच्या साधारण २०० कॅलरी होतात. उरलेल्या १६० कॅलरी ४५ ग्रॅम तांदूळ-मुगाच्या डाळीच्या पातळ पेजेतून. दूध मुद्दाम ठेवायचं, कारण त्यातून फॉस्फेटही मिळतं. पुढे दर एक-दोन दिवसांनी उद्दिष्टाच्या (इथे १०८० कॅलरींच्या) एक तृतीयांशाने वाढवा: ३६०, ७२०, मग १०८०.

हा हिशोब सर्वात जास्त बिघडतो तो सलाईनमुळे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे ८५ कॅलरी. डीएनएसमध्येही (डेक्स्ट्रोज आणि मिठाचं सलाईन) तेवढीच. दोन बाटल्या चढल्या की दिवसाचा जवळपास निम्मा कोटा संपला, आणि डाएट शीटवर त्याची नोंदच नसते. नातेवाईक प्रेमाने पाजतात ते ग्लुकोज पावडरचं पाणी आणि फळांचे रस हीसुद्धा नुसती साखरच. त्यांना हे पहिल्याच भेटीत, कारणासकट समजावून सांगा.

साखरेच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) १०० मिग्रॅ, मग रोज निदान ५ ते ७ दिवस. आधीच रिकाम्या साठ्यावर ग्लुकोज गेलं तर उरलेलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.

नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्सच्या (रक्तातल्या क्षारांच्या) तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड येतं. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम फॉर्मवर वेगळं लिहावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. जास्त धोक्याच्या रुग्णात पहिले तीन दिवस दर १२ तासांनी तपासणी हवी. खाणं सुरू झाल्यावर पाच दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमची पातळी १० टक्क्यांहून अधिक घसरली तर सिंड्रोम सुरू झाला असं समजा. ३० टक्क्यांहून अधिक म्हणजे तीव्र. भरपाई करूनही घसरण थांबत नसेल तर कॅलरी निम्म्यावर आणा. मूत्रपिंड कमजोर असेल तर भरपाईचे डोस डॉक्टरांनी वेगळे ठरवायचे.

रोज वजन घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर ते पाणी आहे. पाय दाबून सूज बघा, छाती तपासून घ्या.

तीव्र कुपोषित बालकांना हे आकडे लावू नका; त्यांचा एफ-७५ चा (सुरुवातीला देण्याच्या खास औषधी दुधाचा) प्रोटोकॉल वेगळा आहे.