रथ होऊ दे

तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. त्यामुळे माझ्याकडे माणसं येतात ती दाढेच्या ठणक्यानं. गालातला पांढरा-लाल चट्टा दाखवायला आपणहून क्वचितच कुणी येतं. सोलापूरच्या पूर्व भागात माझा दातांचा दवाखाना आहे. इथं घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणी सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीला दुकानही लागत नाही. तंबाखू घरच्या तव्यावर भाजला की झालं. म्हणून मी आधी गाल ओढून, जीभ उचलून सगळीकडे बघून घेते आणि मगच दाढेकडे वळते.

आषाढात आलेली ती बाई पन्नाशीची असेल. कारखान्यात विड्या देऊन तशीच आली होती. खालची डावी दाढ तुटून तिची कड धारदार झाली होती. दाढेच्या समोरच, मिश्रीचं बोट रोज फिरतं त्या जागी, गालात लालसर जखम होती. भोवती पांढरट, आणि बोट लावलं तर कड टणक.

"अक्का, हे कधीपासून?"

"कुठलं?" ती म्हणाली. पण जीभ नेमकी त्या जागेवर गेली. तिला ठाऊक होतं.

मी दाढेची कड घासून गुळगुळीत केली, मिश्री बंद करायला सांगितली. चावल्याची जखम असली तर टोचणारी कड गेल्यावर दोन आठवड्यांत भरायला लागते. नाही भरली तर छोटा तुकडा काढून तपासायचाच, हेही नीट समजावलं. तिनं मान डोलावली आणि परत आलीच नाही. फोन केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, रथ होऊ दे. देवाला दाखवायचं तेव्हा देव दाखवंल की."

रथ म्हणजे मार्कंडेयाचा. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाची ही रथयात्रा निघते तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. मी स्वतः देव मानते. आयुष्यातली काही दुःखं आधी कळली असती तर मी उभी राहू शकले नसते, सोसण्याचं बळ आल्यावरच ती पुढ्यात आली, असा माझा अनुभव आहे. म्हणून तिच्या श्रद्धेला नावं ठेवणं मला जमत नाही. पण ती दाढ नेमकी तिथंच का तुटली, हा विचार त्या दिवसांत माझ्या डोक्यातून जाईना. न दुखणाऱ्या जखमेपाशी दुखणारी दाढ! देव याहून स्पष्ट काय सांगणार?

रथ झाल्यावर ती आली, सुनेला घेऊन. जखम तशीच होती. जागा बधिर करून तुकडा घेतला, तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच.

तो दिवस मला विसरता येत नाही. खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, "काय असंल ते सुनेला सांगा. मला नको." सून घाबरून माझ्याकडे बघत होती. पेशंटला ऐकायचं नसेल तर कानावर आदळायचं नाही, हे मी पाळते. पण ऑपरेशनच्या कागदावर सही तिची लागणार होती, आणि कशाची सही हे न कळता ती कशी घ्यायची?

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. काय बोलावं ते सुचेना, तर तीच बोलायला लागली. "मार्कंडेयाला सोळाच वर्षं आयुष्य होतं, मॅडम. आईबापाला ठाऊक होतं. पण पोराला सांगितलं नाही. खेळू दिलं, शिकू दिलं."

"आणि शेवटी?"

"शेवटी सांगितलं की. दिवस जवळ आले, आई रडाय लागली, त्यानं विचारलं, तवा सांगितलं."

"मग?"

ती बराच वेळ गप्प राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "मग त्यानं पिंडीला मिठी मारली," ती म्हणाली. "कळलं म्हणून मारली." आणि माझ्याकडे बघून, "सांगा आता."

मी सांगितलं. कॅन्सर हा शब्द टाळला नाही. जखम दोन सेंटिमीटरच्या आत आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, या टप्प्यावर ऑपरेशननं बरं होण्याची आशा चांगली असते, हेही सांगितलं. ती रडली. सुनेनं तिला धरलं. थोड्या वेळानं तिनं पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड लागेल, ते आजच काढून ठेवा, असं सांगून मी कॅन्सर सर्जनना चिठ्ठी लिहून दिली.

ऑपरेशनची तारीख पितृपक्षात आली. घरचे म्हणाले, पंधरवडा वाईट, नवरात्र बसू दे. सुनेनं फोनवर मला सांगितलं, सासूबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. "देवानं दाखवलंय, आता थांबायला मी कोण?" असं म्हणून त्यांनी पिशवी भरली.

गालाचा तेवढा भाग आणि खबरदारी म्हणून मानेतल्या लसीका ग्रंथी काढल्या. ग्रंथींत आजार पसरलेला नव्हता. तोंड अजून दोन बोटांपुरतंच उघडतं, त्यासाठी ती रोज आरशासमोर व्यायाम करते. तपासणीला ठरलेल्या तारखेला येते. मिश्री सुटली आहे. विड्या मात्र वळते, कारण घर त्यावर चालतं. मागच्या वेळी शेजारणीला सोबत घेऊन आली आणि मला म्हणाली, हिचाही गाल बघा.