बाही सोडायची नाही

आमचा ज्युडो क्लब म्हणजे सोलापुरात अशोक चौकाच्या मागं एक बंद पडलेला पावरलूमचा शेड आहे, पण शेजारच्या शेडमधले माग अजून चालू असतात त्यामुळं सरांना सगळं ओरडून सांगावं लागतं, नवीन माणसाला वाटतं सर चिडलेत.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी गेलो. म्हणजे गेलो असं नाही, पोरीला सोडायला जायचो आणि दीड तास बाहेर गाडीवर मोबाईल बघत बसायचो, एक दिवस सर म्हणाले, बसलाय कशाला, या की आत. पोरीनं दोन महिन्यात सोडलं, आता ती कथकला जाते. मी अजून जातोय.

पहिले तीन आठवडे नुसतं पडायला शिकवलं. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, डोकं टेकू द्यायचं नाही आणि पडता पडता अख्खा हात मॅटवर आपटायचा. आमचे आजोबा तालमीतले, पाठ टेकली की संपलं, हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि इथं मी एका संध्याकाळी पन्नास वेळा स्वतःहून पाठ टेकवतोय! मॅचमध्ये पाठीवर नीट आदळलात की इथंही इप्पोन, खेळ खलास, पण शिकायला सुरुवात तिथूनच.

क्लबात आम्ही अकरा जण. मोठ्या शहरात वजनाला वजन जोडीदार मिळतो म्हणे. इथं मी ८४ किलो आणि समोर नववीतली ४१ किलोची पोरगी, कारण त्या दिवशी बाकीच्यांची सेमिस्टर तरी असते नाहीतर घरी पाणी आलेलं असतं. (सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्युडोचा ड्रेस भिजला की गोधडीएवढा जड, त्यामुळं पाण्याच्या दिवशी बायको आधी तो बादलीत टाकते आणि मग मला जे ऐकवते ते जाऊ दे.)

आधी मला हे गैरसोयीचं वाटायचं. मी जोर लावायचो आणि ती पोरगी म्हणायची, "अंकल, ताकद लावू नका की, नुसतं ढकलल्यासारखं करलालाव." बरोबर होतं तिचं. आधी समोरच्याचा तोल मोडायचा, कुझुशी, मग फेकायचं. ८४ किलोवाल्याला तोल न मोडताही ४१ किलो उचलता येतं, म्हणून मी कधी शिकलोच नसतो. तिला तो रस्ताच नाही.

एकदा माझा उजवा पाय पुढं येत होता, टेकायला इंचभर बाकी, वजन त्यावर पडायच्या बेतात, आणि तिनं तळपायानं तो नुसता सरकवला. देआशी बाराई म्हणतात या डावाला. काही लागलं पण नाही, छत दिसलं एवढंच. आणि छतासोबत तिची मूठ दिसली, माझी बाही घट्ट धरलेली, वर खेचत होती. फेकणाऱ्यानं बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची म्हणजे पडणारा डोक्यावर किंवा खांद्यावर आदळत नाही. सर रोज ओरडतात ते हे.

छोट्या क्लबात ही गोष्ट आपोआप अंगवळणी पडते असं मला वाटतं. कारण हिशेब सोपा आहे, अकरातला एक जायबंदी केला तर उद्या प्रॅक्टिस कुणाबरोबर करणार? ज्युडो ज्यांनी सुरू केला त्या जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जागा १२ तातामींची, म्हणजे जपानी चटयांची, होती, म्हणजे आपल्या एखाद्या हॉल-किचनएवढी. दोघांचंही भलं व्हावं हे तत्त्व त्यांनी नंतर मांडलं, पण तेवढ्या जागेत कुणी वेगळं वागूच शकलं नसतं, हे आपलं माझं मत.

उगाच गोडवे पण गायचे नाहीत. लहान मोठ्याला लोळवतो वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला खुल्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या गटात जपानच्या कामिनागाला हरवणारा डच गेसिंक जवळजवळ दोन मीटर उंच होता. आमच्यातल्या ज्याला स्टेट खेळायचंय त्याला शेवटी त्याच्या वजनाची पोरं शोधत बाहेर जावंच लागणार. आमच्याकडं पकड वाढवायला पाइपावर जुनी चादर टाकून लटकायचं एवढीच काय ती जिम. चादर मात्र सोलापुरी, पाच वर्षं झाली, फाटत नाही.

मागच्या आठवड्यात एक नवीन आला, बँकेतला, शंभर किलोचा असेल. त्यानं मला कमरेवर घेतलं, चांगलं घेतलं, आणि फेकताना हात सोडून दिला. मी कुल्ह्यावर. तो घाबरून सॉरी सॉरी करतोय, मी उठायचं कसं ते बघतोय, तेवढ्यात कोपऱ्यातून नववीतली ओरडली, "बाही!"

माग चालू होते तरी ऐकू आलं.