तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन नसलेल्या विमानातून जेवायला गेलेला माणूस परत कसा येतो?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या कामासाठी मी काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहिलो आणि तिथल्या एका क्लबात ग्लायडर उडवायला शिकलो. हे कळले की बेळगावात काय, निपाणीत काय किंवा खानापूरला पाहुण्यांकडे काय, मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो : ‘तुमची मंडळी म्हणे विमान घेऊन दुसऱ्या गावी जेवायला उतरतात, पण त्याला इंजिनच नसते, तर परत कसे येता?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर विमानात कमी आणि ज्या मैदानावर उतरायचे तिथल्या माणसांत अधिक आहे, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

ग्लायडर स्वतःहून वर जात नाही. एक तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला विंच सुमारे एक किलोमीटर लांबीची दोरी वेगाने गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखा तीनशे-चारशे मीटर वर चढतो; नाही तर इंजिनाचे छोटे विमान त्याला दोरीने ओढत सहाशे मीटरच्या आसपास नेऊन सोडते. पुढचा सारा प्रवास तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर, म्हणजे थर्मलवर, घिरट्या घालत उंची मिळवण्याचा आणि ती उंची अंतरात खर्च करण्याचा असतो. चांगल्या ग्लायडरला एक किलोमीटर उंचीवरून, हवा शांत असेल तर, चाळीसेक किलोमीटर जाता येते. एकदा उतरल्यावर मात्र तो पूर्णपणे दुसऱ्यांवर अवलंबून असतो. त्याचे मुख्य चाक एकच असते, थांबताच एक पंख जमिनीला टेकतो, आणि एकाच आसनाच्या ग्लायडरचेही वजन अडीचशे किलोच्या घरात असल्यामुळे धावपट्टीवरून त्याला बाजूला घ्यायलासुद्धा माणसे लागतात. पुन्हा उडायचे तर पंख धरणारा हवा, दोरी अडकवणारा हवा, आणि ओढणाऱ्या विमानाचा वैमानिक जागेवर हवा.

म्हणूनच जेवणाची चांगली सोय असलेल्या मैदानाला आमच्या लेखी इतके महत्त्व आहे. युरोपातले बहुतेक ग्लायडिंग क्लब सभासदांच्या विनावेतन श्रमांवर चालतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे कुणी भेटेलच याचा भरवसा नसतो. ज्या मैदानाच्या कडेला चांगले स्वयंपाकघर आहे, तिथे मात्र मंगळवारी दुपारीही दोन-चार निवृत्त वैमानिक कॉफी घेत बसलेले सापडतात आणि त्यांच्यातलाच एखादा उठून टो-विमान, म्हणजे ओढणारे विमान, बाहेर काढतो. त्यामुळे अनुभवी वैमानिक निघण्यापूर्वी फोन करतो तेव्हा दोन गोष्टी विचारतो : आज ओढायला कोण आहे, आणि स्वयंपाकघराची साप्ताहिक सुट्टी कधी असते.

श्टुटगार्टच्या आसपासचा श्वाबेन हा प्रांत या बाबतीत भाग्यवान आहे. तिथल्या चुनखडीच्या पठारावर उन्हाळ्यात थर्मल उत्तम मिळतात आणि जेवणही पोटभर मिळते. मसुरांच्या दाट कालवणाबरोबर तिथल्या अंड्याच्या जाड शेवया देतात. शाकाहारी माणसाला त्याच शेवया वितळलेले चीज आणि तळलेला कांदा घालून मिळतात. श्वाबेनबाहेर, फुलदा शहराजवळचा ९५० मीटर उंचीचा वासरकुप्पे डोंगर ग्लायडिंगचे जन्मस्थान मानला जातो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्साय तहाने जर्मनीतल्या इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध घातले, तेव्हा ऑस्कर उर्सिनुस या संपादकाच्या पुढाकाराने १९२० साली तिथे पहिली स्पर्धा भरली. आज त्या डोंगरावर धावपट्टी आहे, ग्लायडरचे संग्रहालय आहे आणि खाण्याच्या अनेक जागा आहेत. इंग्लंडमध्ये हॅम्पशरमधले लॅशम हे दुसऱ्या महायुद्धात बांधलेले मैदान आता मोठ्या ग्लायडिंग क्लबाचे घर आहे आणि तिथल्या क्लबहाउसमध्ये उडणारे व न उडणारे एकाच ओळीत उभे राहून ताट घेतात. मला हे फार मोलाचे वाटते. आजूबाजूच्या गावांतली कुटुंबे रविवारी केक खायला आणि मुलांना विमाने दाखवायला येतात. ज्यांचा त्या मैदानाशी असा संबंध जुळलेला असतो, ते टो-विमानाच्या आवाजाची तक्रार घेऊन सहसा जात नाहीत.

प्रत्येक उड्डाणात आम्ही जेवायला उतरतो, हा गैरसमजही दूर करायला हवा. थर्मल सर्वांत जोरकस असतात ते दुपारी एकपासून चार-पाचपर्यंत, म्हणजे नेमके जेवणाच्या आणि त्यानंतरच्या वेळेत. ज्याला तीनशे किलोमीटरचा पल्ला गाठायचा आहे, तो त्या वेळी खाली उतरत नाही. कॉकपिटमध्येच पाणी पितो, सुका मेवा खातो आणि पुढे जातो. जेवायला उतरणे हे शिकाऊ माणसासाठी, संथ दिवसासाठी, किंवा शेवटच्या थर्मलनंतर संध्याकाळी होणाऱ्या उतरण्यासाठी असते. आणि ज्याला पुन्हा वर जायचे आहे, त्याने बिअरच्या ग्लासाला हात लावायचा नाही, याबाबत कुठेच सवलत नसते.

कधी कधी ओढायला कुणीच मिळत नाही, किंवा मैदान गाठण्याआधीच उंची संपते आणि शेतात उतरावे लागते. मग क्लबातले मित्र लांबलचक ट्रेलर घेऊन मोटारीने येतात, पंख काढून ग्लायडर त्यात ठेवतात आणि रात्री सगळे परततात. वाटेतले जेवण वैमानिकाने द्यायचे, हा रिवाज तिथे काटेकोरपणे पाळला जातो. माझ्या आठवणीतली उत्तम जेवणे ही अशीच, रात्री उशिरा, हातांना माती लागलेल्या मित्रांबरोबर झालेली आहेत.

यानंतर हटकून पुढचा प्रश्न येतो : ‘मग आपल्याकडे का नाही?’ आपल्याकडे हवा आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत चिकोडी-अथणीच्या मोकळ्या रानावर घारी पंख न हलवता वर वर जाताना कुणीही पाहू शकतो. जमिनीचा प्रश्न मात्र अवघड आहे. खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचे दाट जंगल, तिथे उतरायला जागा नाही. कृष्णा आणि घटप्रभेच्या काठी ऊस, आणि उभ्या उसात पंख अडकला तर ग्लायडर जागच्या जागी गरकन फिरतो, माणूसही जखमी होतो. बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्रवासी विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा तिथे जेवणासाठी उतरण्याचा विचारच करू नये. शिकायचे तर पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात चौकशी करावी, असे मी तरुणांना सांगतो.

तरीही माझ्या मनात एक आराखडा पक्का आहे : सांबऱ्याच्या हवाई वाहतुकीपासून दूर, अथणीच्या बाजूला, किलोमीटरभर लांबीची मुरमाड सपाट पट्टी, रीतसर परवानग्या, एक विंच, एक दोन-आसनी ग्लायडर आणि पट्टीच्या कडेला एक खानावळ, जिथे ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि दही मिळेल, आणि जी रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही उघडी असेल. पैसे कमी पडले तर हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, मागे ठेवावा, कारण पंख काढलेला ग्लायडर ट्रेलरमध्ये सुखरूप राहतो. खानावळ मात्र पहिल्या दिवसापासून हवी, कारण विंचवर बसणारा माणूस सकाळी सातला येतो आणि सूर्यास्तापर्यंत जागा सोडू शकत नाही. त्याला दहा वाजता गरम भाकरी मिळाली नाही, तर पुढच्या रविवारी तो येणार नाही.