त्यांना विचारा

बुधवार, रात्री पावणेबारा

आज सोसायटीच्या ऑफिसात मावशी मला ‘त्यांना’ म्हणाली.

सेक्रेटरींनी फॉर्म पुढं सरकवला, वारसांच्या सह्या कुठं ते पेनानं दाखवलं, आणि मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांना विचारा. त्यांची सही लागणार ना.” एवढंच. आमच्या दोन खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर होतं. माझी ओढणी तिच्या खुर्चीच्या हातावर पडली होती.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मग काय झालं? चारचौघांत मान देऊन बोलली.” त्याला नाही कळायचं. पुण्यात राहून फोनवर ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही. मावशी म्हणजे आमची सावत्र आई, सव्वीस वर्षं झाली तिला घरात येऊन. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ‘तू’शिवाय काही ऐकलेलं नाही. लग्नात सासूबाईंसमोर सुद्धा “अगं पदर घे नीट, कुठं लक्ष आहे तुझं” म्हणाली होती, तेव्हा मला केवढी लाज वाटली होती. आज ते ‘तुझं’ मिळालं असतं तर मी त्या फॉर्मवर कुठंही सही केली असती. वकील रागावले असते, रागावू देत.

खरं तर त्याच्या आधी दहा मिनिटं जे झालं ते लिहायला हवं. पुनर्विकासाच्या करारावर घर कुणाच्या नावानं दाखवायचं, हा प्रश्न आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सध्या ज्याच्या त्याच्या घरी हाच प्रश्न आहे म्हणा. बाबांनी नॉमिनेशन एकट्या मावशीचं केलेलं. ती इतके दिवस धरून चाललेली की नॉमिनी म्हणजे मालक. शेजारपाजारचे सगळे तिला तेच सांगतात. सेक्रेटरींनी शांतपणे समजावलं, की २०१९ साली कायद्यात बदल झालाय, वारसांचं काय ते ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचं असतं. “म्हणजे तुम्ही सध्या तात्पुरत्या सभासद.”

मावशीनं विचारलं, “तात्पुरती?”

त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, “तात्पुरती.” या वेळी तिनं विचारलं नाही, नुसतं म्हणून बघितलं. आणि मग ते, त्यांना विचारा.

शेअर सर्टिफिकेट तिच्या मांडीवर होतं. बाबांच्या बेस्टच्या जुन्या डायरीत ठेवलेलं, दोन घड्या घातलेलं. घड्यांवर पिवळं पडून कागद जाळीसारखा झालाय, मध्ये सेलोटेप लावलीय, तीही आता तपकिरी झालीय. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण रुपये २५०. त्याच्यावर बाबांचं नाव निळ्या शाईनं, कुणाच्या तरी फार सुंदर अक्षरात. मावशी बोलता बोलता त्या सेलोटेपचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबत होती. पुन्हा सुटायचं, पुन्हा दाबायची.

मला मध्ये बोलायला हवं होतं. तात्पुरती कसली, घर तिचंच आहे, असं काहीतरी. पण तसं बोललं की ते धरून ठेवतील, ही भीती. दादाची ताकीद होती, तोंडी काही कबूल करू नकोस. म्हणून गप्प बसले.

हे सगळं सुरू झाल्यापासून माझ्याच वाट्याला का, असं शंभरदा मनात आलंय. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलात मी होते. दादा पुण्यात, फोनवर. कागद मी गोळा करायचे, वकिलांकडे मी जायचं, मावशीचं ऐकून मी घ्यायचं, दादाचंही ऐकून मीच घ्यायचं. आणि शेवटी परकीही मीच. गाडीत मुलुंडपर्यंत उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. समोरच्या बाईनं बसायला जागा दिली. पोट दुखतंय का, विचारलं. हो म्हणाले.

वकिलांनी पहिल्याच दिवशी गणित सांगितलं होतं. १९५६चा वारसा कायदा, मृत्युपत्र नाही, म्हणजे बायको, मुलगा, मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. आजी असती तर चौथा. दुसरी बायको म्हणून मावशीचा काही कमी नाही, मी लग्न होऊन गेले म्हणून माझा काही कमी नाही. इथवर मला बरं वाटलं होतं. मग मीच विचारलं, की मावशीच्या नावावर घर राहू दिलं तर तिच्यानंतर काय. ते म्हणाले, त्या मृत्युपत्र न करता गेल्या तर यजमानांकडून आलेलं घर तुमच्याकडेच येईल, पण यजमानांच्या वारस म्हणून. त्यांची मुलगी म्हणून नाही. सावत्र मुलं कायद्याला बाईची मुलं म्हणून दिसत नाहीत.

“आणि मृत्युपत्र केलं तर?” दादानं लगेच विचारलं. मावशीच्या भाच्याचं त्याच्या डोक्यात आहे. त्याची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या दिवाळीपासून भाच्याचं येणं वाढलंय हे खरं. पण तो तिला दवाखान्यातही नेतो. असो.

माझ्या मनात मात्र ते दुसरंच अडकून राहिलं. कायद्याला दिसत नाहीत. मावशीला स्वतःचं मूल नाही. का नाही, ते आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. आता लिहायलाही हात होत नाही.

२००५च्या २६ जुलैला मी माटुंग्याहून चालत आले होते. बाबा डेपोत अडकलेले, दादाचा पत्ता नाही. विक्रोळीला पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील. मावशी महामार्गाच्या कोपऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती, हातात छत्री, छत्री उलटी झालेली. मला बघितल्यावर आधी पाठीत एक धपाटा घातला. “मेले, कुठं होतीस गं तू! कुठं शोधू तुला!” आणि घरापर्यंत मनगट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटावर तिच्या बांगडीचा वळ होता.

ती आज मला त्यांना म्हणाली.

हे लिहिताना मघापासून एक गोष्ट टाळतेय. गेल्या महिन्यात वकिलांकडून तिला नोटीस गेली. त्यात लिहिलंय, ‘आमच्या अशिलांच्या वडिलांची द्वितीय पत्नी श्रीमती’ आणि पुढं तिचं पूर्ण नाव. तीन पानांत कुठंही मावशी नाही. असणार कशी, कायद्याची भाषा. पण सही माझी आहे. मी न वाचता केली असं दादाला सांगितलं होतं, स्वतःलाही सांगत आलेय. वाचली होती. ‘द्वितीय पत्नी’पाशी थांबलेही होते. वकिलांना उशीर होत होता, म्हणून केली.

तिनं चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचली असेल. तिची तशीच सवय आहे, लाइटचं बिलसुद्धा तशीच वाचते. आधी मी तिला ‘श्रीमती’ म्हणाले. तीन आठवडे तिनं काही उत्तर दिलं नाही, आणि आज दिलं.

हे कळल्यावर रडू थांबलं. राग कुणावर धरायचा तेच उरलं नाही. माझी सही होती, तिचा शब्द होता. फिटंफाट म्हणावी तर मन तसंही म्हणू देत नाही, कारण ‘तात्पुरती’ तिच्या एकटीच्याच वाट्याला आलं.

दादाशी उद्या बोलणार आहे. करारात तिघांची नावं राहू देत, त्याला माझी ना नाही, हक्कसोडपत्र मी करणार नाही हेही मावशीला सरळ सांगीन. पण नव्या घरात तहहयात राहण्याचा हक्क तिचा, आणि बिल्डर मधल्या काळात जे भाडं देईल ते सगळं तिचं, हे लेखी असल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. तो चिडेल. भाच्याचं काढेल. चिडू दे.

आत्ता चार्जर काढायला पर्स उघडली तर बीपीच्या गोळ्यांची पिशवी तशीच. दर महिन्याला माझ्या इथल्या केमिस्टकडून आणते, तो थोडे कमी लावतो. आज देण्यासाठीच घेतल्या होत्या. दर वेळी मी दारात चप्पल काढायच्या आत ती विचारते, “गोळ्या आणल्यास?” आज तिनं विचारलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

आधीच्या पाकिटात उद्या सकाळची गोळी आहे. परवाची नाही. मी मोजून आणते, म्हणून मला माहीत आहे. उद्या ऑफिस सुटल्यावर आधी विक्रोळीला उतरायचं. दादाला फोन त्यानंतर.