कॉलिन पॉवेल आणि ती छोटी कुपी

इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत, हे जगाला पटवण्यासाठी तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केलेलं भाषण आज पहिल्यांदाच सलग पाहिलं. सव्वा तासाच्या आसपास आहे. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

बोलता बोलता ते एक छोटी कुपी हातात धरतात. चमचाभराहूनही कमी अँथ्रॅक्सने (जीवघेण्या जिवाणूच्या पावडरीने) काय होऊ शकतं, ते सांगतात. आवाज शांत, ठाम. मागे अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसलेले. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रंही दाखवतात. ती माहिती मुख्यतः ज्या इराकी खबऱ्याकडून आली होती, त्याने पुढे २०११ मध्ये आपण खोटं बोललो हे कबूल केलं. युद्ध मात्र मार्च २००३ मध्येच सुरू झालं होतं. शस्त्रसाठे सापडलेच नाहीत. लाखाच्या वर इराकी नागरिक जिवानिशी गेले.

मला या माणसाबद्दल खरंच आदर आहे. जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, व्हिएतनाममध्ये लढलेला, पहिला कृष्णवर्णीय परराष्ट्रमंत्री. २००८ मध्ये ओबामांना पाठिंबा देताना मुसलमान अमेरिकनांच्या बाजूने किती स्वच्छ बोलले होते!

पण त्यांच्या शब्दाला वजन होतं, म्हणून तर त्यांनाच पुढे केलं ना? दुसऱ्या कुणाच्या तोंडून लोकांना हे इतकं पटलं नसतं. म्हणूनच त्यांची जबाबदारी मला कमी नाही, जास्त वाटते. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. हे प्रामाणिक होतं, मान्य. पण राजीनामा युद्धाआधी द्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.