एका गिटारसाठी चार मिटिंगा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा रविवार ठरायला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात मी हातमागावर सोलापुरी चादर विणायला शिकले असते.

कार्यक्रम साधा होता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पोरांनी गिटारवर गायची, मध्ये निरूपण, शब्द भिंतीवर प्रोजेक्टरनं. पोरं तयार, पाळकसाहेब तयार. अडकलं कमिटीत.

जानेवारीत अर्ज दिला. सेक्रेटरीकाकांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "मिटिंगमध्ये घेऊ की." पहिल्या मिटिंगला कोरम नाही. दुसऱ्या मिटिंगला कोरम होता, अर्ज नव्हता. तो शर्टाबरोबर धुतला गेला होता. पुन्हा लिहून दिला. (दोन प्रती काढा आणि एकीवर सही-तारखेसह पोच घ्या, काका कितीही घरचे असोत. मला हे दुसऱ्या अर्जानंतर सुचलं.)

तिसऱ्या मिटिंगला अर्ज वाचला, आणि पाऊण तास 'ड्रम' या शब्दावर गेला. अर्जात ड्रम नव्हताच. कहोन होतं, म्हणजे लाकडी खोकं, त्यावरच बसून हातांनी वाजवायचं. एक आजोबा म्हणाले, "आपला वारसा पेटी-तबल्याचा. खोकं कशाला बडवायचं?"

मी तोंड उघडलं, आणि जरा जास्तच मोठ्यानं. म्हटलं, आजोबा, मिशनरी आले तेव्हा विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गात होते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी अभंग-ओवीत गाणी लिहिली, कीर्तनं केली, म्हणून तर ही भजनं आज आपली वाटतात. तुमच्या तरुणपणीचं ख्रिस्ती एंडेव्हर, ती चर्चमधल्या तरुणांची संघटना, तेसुद्धा 1881 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये निघालेलं. तेव्हा तेही नवंच होतं की!

नंतर फक्त पंख्याचा आवाज. विषय पुढच्या मिटिंगवर ढकलला. म्हणजे माझ्या इतिहासाच्या तासापायी महिना गेला. इतिहास सांगायचाच असेल तर ठराव झाल्यावर सांगा.

शेवटी पाळकसाहेबांनी अर्ज हातात घेतला, 'म्युझिकल संडे' खोडलं, 'भजनसेवा' लिहिलं, 'कहोन'च्या जागी 'तालवाद्य'. चौथ्या मिटिंगला दोन मिनिटांत मंजूर. कार्यक्रमातला एक सूरही बदलला नव्हता. याचा राग मला अजून येतो, पण तुम्ही मात्र पहिल्याच अर्जात असं लिहा.

तालमीला तेच आजोबा स्वतःची पेटी घेऊन आले. भात्याला चिकटपट्टी, एक पट्टी दाबली की वर येत नव्हती, बोटानं उचलावी लागायची. त्यांचा सूर काळी दोन. आमच्या गिटारवाल्यानं पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सूर वर चढवणारा चिमटा, लावला, तरी जुळेना. पेटी फोनमधल्या ट्यूनरला जुमानत नव्हती. मग पोरानं फोन खिशात टाकला आणि एकेक तार पेटीला लावून घेतली. आजोबा सूर धरून बसले होते, डोळे मिटून. वीसेक मिनिटं लागली.

तालीम सातनंतरच ठेवा, हे राहिलं सांगायचं. एप्रिलात सोलापुरात पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी चारला पोरं बोलावली, आणि दोघींना चक्कर आली.

मंजुरीचं लेखी पत्र कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी मिळालं. विषय: 'ऑर्केस्ट्राबाबत'.