हॅवलॉकच्या पुढे, मध्य आणि उत्तर अंदमानात: लाँग आयलंड आणि डिगलीपूर

नाशिकहून अंदमानला जाणाऱ्यांची सहल बहुतेक ठरलेली असते. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत. ही दोन्ही बेटं सुंदर आहेत, पण डिसेंबरात तिथे इतकी गर्दी असते की निवांत समुद्र हवा असणाऱ्याचं मन भरत नाही. निफाडकडे द्राक्षांची काढणी सुरू झाली की मेहुण्याला बाग सोडता येत नाही, म्हणून त्याच्या सोयीने डिसेंबरातच निघालो आणि या दोन बेटांना वगळून थेट उत्तरेकडे गेलो. ज्यांच्या हाताशी आठवड्यापेक्षा थोडे जास्त दिवस आहेत, त्यांनी हेच करावं असं मी आग्रहाने सांगेन.

आधी नावांचं बघा. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलण्यात जुनी नावं चालतात, तिकिटांवर नवी दिसू शकतात. शिवाय रॉस नावाची दोन बेटं. पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. डिगलीपूरचं रॉस वेगळं, तिथून बरंच लांब, उत्तरेला. बुकिंग करताना ‘रॉस अँड स्मिथ, डिगलीपूर’ असं स्पष्ट सांगा.

लाँग आयलंडला सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. हॅवलॉकला जाणाऱ्या खाजगी एसी बोटींपेक्षा तिकीट बरंच स्वस्त, पण फेऱ्या रोज नसतात आणि समुद्र खवळला की रद्द होतात. पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या पुढची तिकिटं बघा, मगच खोल्या पक्क्या करा. बेटावर जेट्टीपाशी पोलिसांनी आमची नावं लिहून घेतली. गाव पायी फिरता येईल एवढंच. खरं आकर्षण म्हणजे लालाजी बे. गावातून जंगलातल्या पायवाटेने दीड-दोन तास चालावं लागतं. पडाऊकच्या झाडांची मुळं भिंतीसारखी उभी असतात, वाट ओली असते, आणि मग झाडी एकदम संपून पांढरी वाळू लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा किनाऱ्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. चालवत नसेल तर गावातून डुंगी, म्हणजे इंजिनाची छोटी होडी, ठरवता येते. दुकान तिथे नाही, पाणी आणि खाणं सोबत न्या. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज दिवसेंदिवस राहते, तेव्हा पायांना खोबरेल तेल चोपडा आणि उघड्या वाळूवर आडवे होऊ नका.

तिथून बोटीने रंगतजवळच्या येरट्टा जेट्टीला आलो आणि पुढे बसने मायाबंदरवरून डिगलीपूरला. राहायला डिगलीपूरच्या बाजारापेक्षा कालीपूर चांगलं. कालीपूरची वाळू करडी आहे, फोटोत ती फार उठून दिसत नाही. पण डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत इथे रात्री कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडली, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चारही जातींची नोंद आहे. वनखात्याच्या माणसासोबतच जा, टॉर्च-फ्लॅश बंद ठेवा. आम्हाला ऑलिव्ह रिडली दिसली. मागच्या वल्ह्यांनी ती आळीपाळीने वाळू उपसत होती, एकदा डाव्याने, एकदा उजव्याने, आणि खड्डा खोल झाल्यावर निश्चल झाली. मेहुणी माझा हात घट्ट धरून उभी होती.

रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात. भरतीला तोच पट्टा पाण्याखाली जातो. म्हणून इथे जायचा दिवस कालनिर्णय बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खूप खाली जाते आणि पट्टा रुंद उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी तेवढं हटत नाही. ओहोटीची वेळ गावात विचारून मगच होडी घ्या. परवाना आणि होडी दोन्ही एरियल बे जेट्टीवर मिळतात. आम्ही पोहोचलो तेव्हा मध्ये घोटाभर पाणी होतं. बघता बघता वाळूची एक बारीक धार वर आली, मग दोन्ही बाजूंनी रुंदावत गेली, आणि अर्ध्या-पाऊण तासात आम्ही कोरड्या वाळूवरून स्मिथवर चालत गेलो. दोन्हीकडे पाणी, एका बाजूला लाटा आणि दुसरीकडे जवळजवळ तळ्यासारखं शांत. अंदमानात यापेक्षा सुंदर जागा मी पाहिली नाही.

सॅडल पीक हा डोंगर (७३२ मीटर) इथेच आहे. ब्रह्मगिरी सहज चढणाऱ्यांनीही तो हलक्यात घेऊ नये, कारण चढ समुद्राच्या पातळीपासून सुरू होतो आणि हवा फार दमट असते.

परतीला बसने आलात तर रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. शंख, शिंपले, प्रवाळही उचलू नका. पाण्यात उतरण्याआधी मगरीचा फलक आहे का बघा आणि स्थानिकांना विचारा. खाड्यांच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

थोडं पैशांचं आणि वेळेचं. एटीएम रंगत आणि डिगलीपूरला आहे, तरी रोकड जवळ असू द्या. हिंदी सगळीकडे चालते. जेवण बहुतेक बंगाली वळणाचं, मासे-भात उत्तम, शाकाहारींना डाळ-भात-भाजी मिळते. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सगळं पहाटेपासून आखा. परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, बोट किंवा बस चुकली तर तो कामी येतो. सगळं वेळेवर झालं तर तो दिवस सेल्युलर जेलला द्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधानंतर नाशिक कटाच्या खटल्यात शिक्षा झालेले सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांचं जन्मगाव भगूर आपल्या नाशिकच्या शेजारी असताना ती कोठडी न बघता परतणं मला तरी जमलं नसतं.

लिटल अंदमान बेट आणि तिथल्या बटलर बे किनाऱ्याचा मोहही होईल. ते पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला आहे आणि तिथल्या हट बे जेट्टीला बोटीने जायलाच कित्येक तास लागतात. या सहलीत ते कोंबू नका, त्याच्यासाठी पुन्हा या.